भ्याचे डॉक्टर

ज्या एका माणसाविरुद्ध मी आयुष्यात सर्वाधिक तक्रारअर्ज लिहिले, त्याच्याविषयी आज अर्जाबाहेर चार शब्द लिहावेत असे ठरविले आहे. अर्जाला विषय असतो, संदर्भ असतो, शेवटी विनंती असते. येथे विनंती करण्यासारखे काही उरलेले नाही. ज्यांच्याकडे ती करायची ते अधिकारी निवृत्त झाले, आणि ज्या एका घराच्या भीतीने मी इतकी वर्षे गप्प राहिलो, त्या घरात आता दार लावून घेणारे कोणी राहिलेले नाही. म्हणून लिहितो.

नांदेड शहराबाहेर, माळावर, क्षयरोग्यांचे एक इस्पितळ होते. हे डॉक्टर तेथे छातीच्या शस्त्रक्रिया करीत. ज्या रुग्णांच्या जंतूंवर औषधाचा अंमल चालेनासा झाला आहे, आणि ज्यांचे दुखणे फुफ्फुसाच्या एकाच भागात गोळा होऊन बसले आहे, अशा मोजक्यांना ते कापत. कापणे हा शब्द त्यांचाच. "शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांना वाटतं सत्यनारायण आहे," असे ते म्हणत.

उंच, पाठीत वाकलेले, कोटाच्या खिशात कायम फुटाणे. त्यांची सर्वांत विचित्र सवय बोटांची होती. छाती तपासताना डॉक्टर एक बोट टेकवून त्यावर दुसरे बोट मारतात आणि आत हवा आहे की पाणी, हे आवाजावरून ओळखतात. हे गृहस्थ छातीवर थांबत नसत. भिंती, टेबले, रांजण, कलिंगडे, जे समोर येईल ते वाजवून पाहत. बोलता बोलता तुमच्या ट्रंकेवर बोट वाजवून "अर्धी रिकामी आहे" असे सांगत, आणि ती असे.

माझी पत्नी तेथे दाखल होती, ते दुष्काळाचे वर्ष होते. इस्पितळाची विहीर तळाला गेली होती आणि पाणी टँकरने येई. एकदा डॉक्टर फाटकापाशी आले आणि टँकरच्या पोटावर वरपासून खालपर्यंत बोट वाजवीत गेले. ड्रायव्हर हसून म्हणाला, "टाकीला बी टीबी झाला व्हय साहेब?"

"वरच्या अर्ध्यात नुसती हवा आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मालकाला दाखवून घ्या."

मी त्याच दिवशी तक्रार लिहिली आणि साक्षीदार म्हणून त्यांची सही मागितली.

"बोटाची साक्ष चालते का तुमच्या कायद्यात?"

"तज्ज्ञाचे मत म्हणून चालते."

त्यांनी उभ्याउभ्या सही केली. पुढचा टँकर काठोकाठ आला. तेवढ्यापुरते आमचे पटले, ते तेवढ्यापुरतेच.

अहमदपूरच्या तहसील कचेरीसमोर मी अर्जनवीस होतो. कायद्याची परीक्षा अर्ध्यावर राहिली, परंतु कायद्यावरची श्रद्धा पूर्ण होती. माझ्या पत्नीला खोकला लागला, बेडक्यात जंतू निघाले, गावच्या दवाखान्यातून इंजेक्शने आणि गोळ्या सुरू झाल्या. वर्ष उलटले तरी उतार पडेना. औषध सरकारचे, ते रीतसर घेतले जात आहे, तरी गुण नाही. तर मग औषधच खोटे असले पाहिजे, असा निष्कर्ष मी काढला. गोळ्या देणाऱ्या कंपाउंडरविरुद्ध मी सविस्तर अर्ज केला: खऱ्या गोळ्या बाहेर विकून तो रुग्णांना खडू देतो, असा संशय. अर्जाची दखल घेतली गेली. चौकशी होईपर्यंत त्याला हिमायतनगरला पाठविण्यात आले. जाताना तो आमच्या दारासमोरून गेला, थांबला, माझ्या पत्नीकडे पाहून म्हणाला, "काकू, मी तुमाला मोजून देत होतो." ती आत निघून गेली. मला तो निर्लज्जपणा वाटला.

नंतर तिचा बेडका दूरच्या प्रयोगशाळेत पाठविला. तेथे जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहतात. उत्तर आले की नेहमीची औषधे त्यांना बाधत नाहीत. नांदेडच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीला धरला आणि उजव्या बाजूला वर, रुपयाएवढ्या पोकळीवर बोट ठेवले.

"हे त्यांचं घर. इथपर्यंत औषध पोचत नाही. डावं फुफ्फुस चांगलं आहे. मी हा वरचा भाग काढून टाकीन. आता जी महागाची औषधं चालू केलीत, त्यांनी जंतू दबलेत, मेलेले नाहीत. काही आठवड्यांनी ते यांनाही सरावतील. कापायचं ते आत्ताच. वाफसा असेपर्यंत पेरायचं असतं."

"आणि नाही कापले तर?"

"डावीकडे जातील."

त्यांनी "बरं होईल" हे शब्द उच्चारले नाहीत. ते शब्द त्यांच्या तोंडून इस्पितळात कोणीच ऐकले नव्हते. "टेबलावर काही जण जातात," ते त्याच आवाजात म्हणाले, "काही जण नंतर जातात. बरेच जण घरी जातात." मी खिडकीचा गज धरला आणि शस्त्रक्रियेस ताबडतोब संमती असल्याचे सांगितले.

"तुमची नको," डॉक्टर म्हणाले. "फुफ्फुस तुमचं नाही."

मी पती होतो. सही पतीची चालते, सर्वत्र चालते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे लक्ष न देता पत्नीकडे पाहिले आणि तो प्रश्न विचारला, ज्यामुळे खाटांवरच्या लोकांनी त्यांना 'भ्याचे डॉक्टर' असे नाव ठेवले होते.

"बाई, भीती वाटते का?"

ती पदर सावरून म्हणाली, "न्हाई साहेब. तुमी हाव की."

"न्या यांना परत," डॉक्टर परिचारिकेला म्हणाले.

हा त्यांचा नियम होता: ज्याला भीती वाटत नाही, त्याला ते कापत नसत. आणि आमच्या भागातील माणसे तर अशी, की डॉक्टरांपुढे भीती बोलून दाखविणे म्हणजे त्यांच्या हातावर अविश्वास दाखविणे. तो उद्धटपणा कोण करील? सोयऱ्याच्या घरी जेवण कसेही असो, ते गोडच असते, तसेच हे. पत्नीच्या आधी उदगीरकडचे एक लिंगायत आडते त्याच प्रश्नावर अडले होते. धिप्पाड देह, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग.

"भीती वाटते का?"

"शिवाची मर्जी, साहेब. आपल्याला कशाचं भ्या?"

"मग शिवालाच हातमोजे द्या," डॉक्टर परिचारिकेला म्हणाले, "आणि यांना खाटेवर न्या."

असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी आडत्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले, "पोरीचं लगीन ठरवून बसलोय साहेब, अन् व्याह्याला माझं दुखणं सांगितलं न्हाई. मेलो तर बोल पोरीला बसतील."

"ही खरी," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी काही खाऊ नका."

आडते वाचले. घरी जाताना त्यांनी अख्ख्या वॉर्डाला बत्तासे वाटले आणि माझ्या पत्नीला सांगितले, "अक्का, खरं खरं सांगून टाक. लई हलकं वाटतंय." ती नुसती हसली.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"कोणत्या नियमाखाली आपण हे करता?"

"माझ्या."

"रुग्णाने घाबरलेच पाहिजे, असे एक कलम मला दाखवा."

त्यांनी फुटाणे पुढे केले. मी घेतले नाहीत.

"एक तालमीतला पोरगा होता," ते म्हणाले. "त्याला कशाचीच भीती नव्हती. मला फार आवडला. मी कापला. छातीतून नळी बाहेर काढून खाली बाटलीत सोडलेली असते; फुफ्फुस फुगायला वेळ लागतो, तोवर ती नळी म्हणजे जीव. दुसऱ्या दिवशी यानं हसत हसत नळी उपटली आणि अंघोळीला गेला." त्यांनी टेबलावर बोट वाजविले. "घाबरलेला माणूस नळी सांभाळतो. दुखलं तरी खोक म्हटलं की खोकतो. छाती उघडली की अर्धं काम माझं असतं, अर्धं त्याचं. ज्याला भीती नाही तो एक तर ऐकत नाही, नाहीतर काही लपवतो. तुमच्या बाई नळी उपटणाऱ्यांतल्या नाहीत."

"म्हणजे माझी पत्नी खोटे बोलते, असे आपले म्हणणे?"

"मी नाव विचारलं तेव्हा त्यांची नाडी शांत होती. औषध रोज घेत होता का विचारलं, तेव्हा पळाली."

हा अपमान होता. मी बाहेर येऊन झाडाखाली बसलो आणि जेवढ्या जागी लिहिता येईल तेवढ्या जागी लिहिले. नांदेडच्या कचेरीने कळविले की रुग्ण लातूर जिल्ह्यातील आहे. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेरी भाड्याच्या घरात, फायली जमिनीवर, आणि आवक-जावकचा शिक्का अद्याप आलेला नव्हता. लातूर ज्यातून निघाला त्या जुन्या जिल्ह्याने उत्तर दिले की यापुढे पत्रव्यवहार लातूरशी करावा. माझी पत्नी दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर खाटेत पडून होती, आणि तिच्या छातीतील जंतूंना कोणतीच हद्द माहीत नव्हती. त्या दिवसांत मला जो संताप आला तो आजही निवलेला नाही; फक्त आता हे समजते की तो संताप मी मुद्दाम पेटता ठेवीत होतो, कारण तो विझला की खाली दुसरेच काही लागत असे. ती खोकली की मी तिच्या तोंडाकडे न पाहता रुमालाकडे पाहत असे.

डॉक्टर मात्र तिची तयारी करून घेत होते. दोन बाटल्या रबरी नळीने जोडलेल्या. एकीत फुंकायचे आणि पाणी दुसरीत ढकलायचे. फुफ्फुसाला बळ यावे म्हणून. पाण्याची एवढी टंचाई की तेच पाणी आठवडाभर इकडून तिकडे जाई. तिचे गाल फुगत, मानेच्या शिरा ताठ होत, पाणी अर्ध्यावर चढून परत येई. रोज फेरीला आले की डॉक्टर बाटलीवर बोट वाजवीत आणि तोच प्रश्न विचारीत.

"भीती वाटते का?"

"न्हाई साहेब."

ते पुढच्या खाटेकडे जात. एकदा जाता जाता मला म्हणाले, "वाफसा चाललाय." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. ज्याने सुरी उचलायची तोच वेळ जात असल्याची आठवण करून देत होता.

त्या आठवड्यात तिच्या डाव्या कुशीत दुखू लागले. साधा स्नायू लचकला होता, हे नंतर कळले; त्या सकाळी मात्र मी फोटोच्या खोलीबाहेर उभा राहून देवाला नवस बोललो. मी नवस बोलणारा माणूस नाही. डावी बाजू स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी तो ओला फोटो मला न दाखविता तिला दाखविला आणि म्हणाले, "अजून नाही गेले. बाई, माझ्याशी नका बोलू. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याशी बोला."

दुपारी टँकर आला. मी घागर घेऊन रांगेत उभा होतो. वॉर्डातून कोणी रुग्ण तेथे येत नसे, ती आली. तोंडावर दुहेरी पदर, भिंतीचा आधार घेत. मी म्हणालो, "उन्हात कशाला आलीस?"

"आत समदे ऐकतेत."

ती माझ्या शेजारी, थोडी मागे उभी राहिली. रांग पुढे सरकली, आम्हीही सरकलो. मग ती जमिनीकडे पाहत बोलू लागली.

तिची धाकटी बहीण मुदखेडला दिलेली. आदल्या वर्षी बहिणीच्या गावाकडे काम नव्हते, तेव्हा ती अहमदपूरजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला आली आणि आमच्याच घरी राहिली, हे मला अर्थातच ठाऊक होते. ती खोकत होती हेही मी ऐकले होते. खडीची धूळ, असे समजलो होतो.

"ती दवाखान्यात जाईना," पत्नी म्हणाली. "वहीत नाव लिवतेत, अन् नाव सासरी कळलं तर घरात घेत न्हाईत. नवरा बी सासूच्या शब्दाबाहेर न्हाई. मग मी माझ्यातल्या दिल्या."

"काय दिल्या?"

"गोळ्या. एक दिस माझ्या, एक दिस तिच्या. आपल्यात ताटातलं एकट्यानं खात न्हाईत. वाटलं, दोघी बी अर्ध्या अर्ध्या बऱ्या होऊ, मग फुडचं फुडं."

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "बाबा, सरका की." मी सरकलो.

कंपाउंडर मोजून देत होता. गोळ्या खऱ्या होत्या. अर्ध्या औषधाने जंतू मेले नाहीत, ते शिकले. दोघींच्याही छातीत शिकले.

"अगं, मग सांगितले का नाहीस? मला नाही, तर डॉक्टरांना तरी?"

"डाक्टरांनी तुमाला सांगितलं असतं." ती थोडा वेळ दम घेत राहिली. "मला मरायचं भ्या न्हाई वाटत, ते खोटं न्हाई बोलले मी. पन मी मेले तर हे कुनालाच ठावं ऱ्हायचं न्हाई, अन् ती तिकडं तशीच खोकत मरंल. अन् जगले तर तुमाला सांगावं लागंल."

"मग?"

"तुमी लिवताल."

एवढेच ती म्हणाली. मी लिहिले असते. खरी वस्तुस्थिती नमूद करून, बहिणीचे नाव, गाव, सासऱ्याचे नाव यांसह, सर्व संबंधित कचेऱ्यांना प्रती पाठवून. कंपाउंडर सुटला असता आणि बहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढले असते. माझी घागर भरून वाहू लागली, आणि ड्रायव्हर ओरडला, "ओ अर्जवाले, पानी चाललंय."

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

ती वॉर्डात गेली आणि डॉक्टरांना तिने तेच सांगितले. त्यांनी विचारले, "आता भीती वाटते का?" ती म्हणाली, "लई वाटायली, साहेब." दुसऱ्या सकाळी तिला नेले. दारापाशी डॉक्टर खाली वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलले. काय, ते मी तिला पुढे अनेकदा विचारले. "त्यांचं भ्या सांगितलं त्यांनी," ती म्हणे, "ते त्यांचं हाय." यापलीकडे तिने कधीही सांगितले नाही.

त्या दाराबाहेरच्या बाकावर मी काय केले, ते मला आठवत नाही. खिशातले पेन काढून मी त्याचे टोपण लावीत होतो आणि काढीत होतो, असे परिचारिका नंतर म्हणाली. दार उघडले तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

"भाग निघाला. रक्त थोडं जास्त गेलं, दिलंय परत. खाटेखाली बाटली असेल. तिच्यात बुडबुडे येतील. ते हळूहळू कमी व्हायला हवेत. एकदम थांबले तर पळत या, वाढले तरी पळत या."

"ती बरी होईल ना?"

"घाबरत बसा," ते म्हणाले. "आता त्याचाच उपयोग आहे."

मी बसलो. बाटलीत बुडबुडे येत. ती खोकायची वेळ झाली की परिचारिका तिच्या बरगड्यांवर उशी दाबून धरी, आणि पत्नी डोळे मिटून, ओठ चावून, सांगितल्याप्रमाणे खोके. तिचा उजवा हात नळीवरून एकदाही ढळला नाही. झोपेतही तिने ती मुठीत धरलेली असे. बुडबुडे विरळ झाले, एके सकाळी थांबले, आणि मी पळत गेलो. डॉक्टर आले, त्यांनी तिच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली बोट टेकवून वाजविले, आणि पुन्हा वाजविले. मग त्याच बोटाने खाटेचा गज वाजविला, जणू ताळा पाहत आहेत.

"फुफ्फुस भरलंय," ते म्हणाले.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षे, उजवा खांदा किंचित खाली ठेवून, आमच्या घरात वावरली. परंतु त्या सकाळी डॉक्टर खाटेपासून हलले नाहीत. "दुसरी कुठे आहे?" त्यांनी विचारले.

कंपाउंडरविरुद्धची तक्रार मी मागे घेतली. कारणाच्या जागी काहीही लिहिले नाही. कारण न देता अर्ज मागे घेणे ही माझ्या दृष्टीने बेअदबी आहे. ती मी केली. कागद दोन जिल्ह्यांमध्ये फिरत राहिल्याने कंपाउंडरला परत यायला फार उशीर झाला, आणि त्याबद्दल मी पुढे स्वतंत्रपणे भांडलो.

मुदखेडला मी कागद-पेन न घेता गेलो. मेहुणीच्या सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडीत होत्या. मी सांगितले, अक्काचे ऑपरेशन झाले आहे, बहिणीला चार दिवस सोबतीला पाठवा. त्या म्हणाल्या, "न्या की. तिचंच काम हाय ते." मेहुणी अंगणात राखेने भांडी घाशीत होती. पाणी नव्हते, राख, आणि मग फडके. ती फार वाळली होती. मी तिच्याजवळच्या पायरीवर टेकलो आणि सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणालो, "अक्काने मला सांगितले. मी कोणाला लिहिलेले नाही."

तिचा हात तपेलीवर थांबला, पुन्हा चालू झाला.

"भीती वाटते का?" मी विचारले.

"कशाची दाजी? मला काय झालंय?"

"बरे," मी म्हणालो. "मग मी बसतो."

मी तेथेच बसून राहिलो. सासूबाईंनी चहा आणून दिला, तो प्यालो. स्टेशनात एक गाडी शिट्टी देऊन गेली. तपेली केव्हाच लख्ख झाली होती तरी ती घाशीत होती. मग तिने पदर तोंडाशी नेला, खोकली, आणि पदराचे ते टोक माझ्याकडे न पाहता मुठीत दडविले.

"दाजी," ती म्हणाली, "नांदेडची गाडी कितीला हाय?"